काचेची कातडी

गाडीसाठी मागवलेलं फायबरचं बॉनेट खोक्यातून बाहेर काढलं की ते पूर्ण झाल्यासारखं दिसतं. वरचं अंग गुळगुळीत आणि करडं असतं, कडा कापलेल्या असतात, आकारही मूळ बॉनेटशी जुळतो. मग ते उलटं करून पाहावं. आतल्या बाजूला रेझिनमध्ये रुतलेले काचेचे तंतू वाट्टेल त्या दिशेनं पसरलेले असतात. कुठे थर जाड, कुठे पातळ, कोपऱ्यात एखादा बुडबुडा. हा भाग कारखान्यातून अर्धा घडून निघालेला असतो. उरलेली घडण व्हायची असते ती तुमच्या गाडीवर, आणि ती करणाऱ्याला पहिल्या अर्ध्याचं शास्त्र ठाऊक असावं लागतं. ‘फायबरचं काम म्हणजे कामचलाऊ’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मला हा त्या पदार्थावर अन्याय वाटतो. फटी वाकड्या दिसतात, रंगाला फोड येतात, वर्षभरात बोल्टांभोवती तडे जातात, याचा दोष बहुतेक वेळा बसवणाऱ्याच्या घाईचा असतो.

सुरुवात काचेपासून करू. खिडकीची काच खडा लागला तरी फुटते. तिचाच तंतू पोलादाला मागे टाकतो. इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या विमान संशोधन केंद्रात ए. ए. ग्रिफिथ हे अभियंते १९२०च्या सुमारास काचेचे तंतू ताणून तोडत होते. तंतू जितका बारीक, तितकी त्याची दर चौरस मिलिमीटरची ताकद जास्त, असं त्यांना आढळलं. त्यांनी लावलेला अर्थ आजही भंगशास्त्राचा पाया आहे. काच दुबळी नसते, तिच्या पृष्ठावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा तिला दुबळी करतात. तंतू केसाहून बारीक असला की मोठी चीर मावायला त्यात जागाच नसते. फायबरच्या मॅटमध्ये, म्हणजे तंतूंच्या चटईत, वापरली जाणारी ई-ग्लास काच १० ते २० मायक्रॉन जाडीच्या तंतूंत ओढतात. अशा ताज्या तंतूची ताणशक्ती सुमारे ३,४०० मेगापास्कल भरते, साध्या पोलादाची ४००च्या आसपास. अर्थात सुटा तंतू फक्त ओढ सहन करतो, दाबला की लवतो. रेझिन या तंतूंना जागच्या जागी धरून ठेवतं, भार एकाकडून दुसऱ्याकडे नेतं, आणि एक तंतू तुटला तरी चीर पुढच्या तंतूशी अडखळते. एकट्या काचेला किंवा एकट्या रेझिनला हे जमत नाही.

तंतू स्वस्तात काढण्याची वाट अपघातानं सापडली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९३२ मध्ये डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेचे ठोकळे जोडण्याचा प्रयत्न करत होता. दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर बसला आणि बारीक तंतूंचा वर्षाव झाला. गेम्स स्लेटर यांनी त्यातून उत्पादनाची पद्धत उभी केली, आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी निघाली. त्याच दशकात पॉलिएस्टर रेझिनही हाताशी आलं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या रडारवरची झाकणं या जोडगोळीतून बनू लागली, कारण रेडिओलहरी तिच्यातून आरपार जातात. हा गुण लक्षात ठेवावा, गाडीवर तो पुन्हा भेटणार आहे.

मोटारीच्या इतिहासात फायबरला मान मिळाला तो शेवरले कॉर्व्हेटमुळे. हार्ली अर्ल यांच्या हाताखाली घडलेली ही दोन आसनी गाडी जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात लोकांपुढे आली आणि ३० जूनला मिशिगनमधल्या फ्लिंट इथे तिचं उत्पादन सुरू झालं. त्या वर्षी ३०० गाड्या बनल्या, सगळ्या पांढऱ्या रंगाच्या आणि लाल आसनांच्या. पत्र्याचं अंग दाबायला पोलादी डाय लागतात. त्या घडवायला खूप पैसा आणि खूप महिने जातात, आणि मग त्यांतून लाखभर नग निघाले तरच परवडतं. फायबरचा साचा खुद्द फायबरचाच करता येतो. थोड्या गाड्या लवकर काढायच्या असतील तर दुसरा सोपा मार्ग नव्हता. आज एखाद्या गल्लीतलं छोटं वर्कशॉप एका विशिष्ट मॉडेलचे दहाच बंपर काढून विकू शकतं, त्यामागे हाच हिशेब आहे.

कॅलिफोर्नियात होड्या बांधणाऱ्या ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये हा हिशेब लोकांच्या अंगणात नेला. फोक्सवॅगन बीटलचे यांत्रिक भाग आणि त्यांवर वाळूत पळणाऱ्या बग्गीचं फायबरचं अंग, अशी मेयर्स मँक्स त्यांनी घडवली. नंतरच्या किटमध्ये गिऱ्हाइकानं बीटलचा तळ सुमारे १४ इंच कापून आखूड करायचा आणि वर अंग बसवायचं. १९६७ मध्ये पहिल्याच मँक्सनं मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पात ला पाझ ते तिहुआना हे अंतर ३४ तास ४५ मिनिटांत कापलं आणि तिचं नाव झालं. तिच्या नकला इतक्या निघाल्या की मेयर्स कोर्टात गेले आणि हरले. होडी आणि गाडी यांचं हे नातं आपल्यालाही अनोळखी नाही. कोकणातल्या बंदरांत लाकडाची जागा घेणाऱ्या फायबरच्या होड्या याच मॅटच्या आणि याच रेझिनच्या. भारतातली फायबरच्या अंगाची गाडी म्हणजे बंगळुरूची सिपानी डॉल्फिन. ब्रिटनच्या रिलायंट किटनवर बेतलेली ही दोन दारांची गाडी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या रस्त्यांवर आली.

आता साच्यापाशी येऊ, कारण बसवताना येणाऱ्या बहुतेक अडचणी तिथे जन्मतात. साच्याला आधी मेणाचे थर देतात. बऱ्याच ठिकाणी त्यावर पाण्यात विरघळणारा पीव्हीएचा पातळ पापुद्राही मारतात, म्हणजे भाग साच्याला चिकटत नाही. मग जेलकोट, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत रेझिनचा थर. तो थोडा आवळला की त्यावर तंतूंच्या तुकड्यांची मॅट पसरायची, ब्रशनं रेझिन मुरवायचं, आणि छोट्या दातेरी रोलरनं हवा काढायची. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची एक मॅट रेझिन पिऊन साधारण १ मिलिमीटर जाड होते. हाताच्या कामात वजनानं काच तीसेक टक्के, बाकी रेझिन.

रेझिन घट्ट होतं ते वाळून नव्हे. त्यातल्या पॉलिएस्टरच्या लांब साखळ्यांना स्टायरीनचे रेणू आडवे टाके घालतात. ही क्रिया सुरू करायला एक-दोन टक्के हार्डनर आणि तिला वेग द्यायला कोबाल्ट लागतो. कोबाल्ट रेझिनमध्ये आधी पूर्ण ढवळायचा आणि मगच हार्डनर घालायचा. दोन्ही थेट एकमेकांत ओतले तर स्फोट होऊ शकतो, आणि हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. पंधरा-वीस मिनिटांत मिश्रण जेलीसारखं होतं, तापतं, कडक होतं. पण टाके घालण्याचं काम त्या दिवशी संपत नाही. ते आठवडे चालतं, आणि प्रत्येक टाक्यासरशी रेझिन किंचित आक्रसतं. साच्यातून घाईनं काढलेलं बॉनेट भिंतीला टेकवून ठेवलं तर ते टेकलेल्या आकारात आक्रसतं, आणि गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत त्याचा एक कोपरा वर आलेला असतो.

वजनाचा फायदा खरा आहे, पण तो जाहिरातीत असतो तेवढा नसतो. पोलादाची घनता ७.८५, हाताच्या फायबरची दीडच्या जवळपास. मात्र ०.८ मिलिमीटरच्या पत्र्याइतका ताठपणा यायला फायबर अडीच मिलिमीटर तरी लागतं. म्हणजे चौरस मीटरला पत्रा सव्वासहा किलो, फायबर पावणेचार. त्यात आतली चौकट, बिजागऱ्यांपाशी पुरलेल्या लोखंडी पट्ट्या आणि रंगाच्या तयारीचे थर आले की अंतर आणखी घटतं. केवळ वजनासाठी घरची गाडी उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आकारासाठी, गंजापासून सुटका म्हणून, किंवा मूळ भाग मिळतच नाही म्हणून फायबर घ्यावं.

बसवणं रंगाच्या कितीतरी आधी येतं. मूळ भाग काढला की तो विकून टाकू नये. नवा भाग त्याच्या शेजारी ठेवून छिद्रं, कडा, वळणं ताडून पाहायला तोच एक साक्षीदार असतो. मग नवा भाग कोराच गाडीवर चढवायचा, बोल्ट हातानं फिरतील एवढेच आवळायचे आणि दुरून पाहायचं. जुळवणीला दारापासून सुरुवात करावी, कारण दार बिजागऱ्यांवर आणि खांबांवर ठरलेलं असतं. दाराशी फेंडर, फेंडरशी बॉनेट आणि सगळ्यात शेवटी बंपर. जे आधी बंपर बसवतात ते मग त्याच्या चुकीच्या रेषेशी सगळी गाडी जुळवत बसतात. इथे एक गोष्ट मान्य करावी लागते. गाडीसुद्धा सरळ नसते. एखाद्या जुन्या ठोकरीनं पुढची चौकट दोन-चार मिलिमीटर सरकलेली असते, आणि पत्र्याच्या फेंडरनं ते वाकून लपवलेलं असतं. फायबर लपवत नाही.

दोन भागांमधली फट चार-पाच मिलिमीटरची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी असावी. दोन टोकांत एका मिलिमीटरचा फरकही उन्हात नजरेला खुपतो. फट अरुंद असेल तर कड घासायची, आणि घासताना जेलकोटच्या बाजूनं आत घासायचं, नाहीतर त्याचे कपचे उडतात. फट रुंद असेल तर कारागीर एक सुंदर युक्ती करतात. शेजारच्या भागाच्या कडेला चिकटपट्टी लावून वर मेण पुसायचं. नव्या भागाची कड खरडून तिच्यावर काचेचे तुकडे घातलेली पुट्टी थेट शेजाऱ्याला टेकेपर्यंत भरायची. घट्ट झाली की बारीक पात्यानं हवी तेवढी फट कापायची. अशी कड शेजाऱ्याच्या वळणाशी तंतोतंत जुळते, कारण ती त्याच्याच अंगावर घडलेली असते.

बॉनेटचा एक कोपरा वर आला असेल तर बरेचजण बोल्टानं दाबून खाली आणायला जातात. फायबरला पत्र्यासारखं वाकून तसंच राहणं माहीत नाही. ते लवतं, मागे येतं, आणि मर्यादा ओलांडली की जेलकोटवर चांदणीसारखे तडे उमटतात. योग्य उपाय वेळखाऊ आहे. आतल्या चौकटीला दोन-तीन ठिकाणी काप द्यायचे, बॉनेट गाडीवरच हव्या आकारात पाचरी लावून धरायचं, आणि कापांवर नव्यानं मॅट आणि रेझिन घालायचं. ते घट्ट होऊन पाचरी काढल्या की बॉनेट नव्या आकारात राहतं. बोल्टांची छिद्रं बोल्टाहून मोठी आणि लांबट असावीत, खाली रुंद वॉशर, आणि जिथे जोर येतो तिथे फायबर चेपू नये म्हणून धातूची नळी. मोठ्या छिद्राचं कारण उष्णतेत आहे. मॅटचं फायबर तापल्यावर पोलादाच्या दुपटीहून जास्त पसरतं. दीड मीटर लांबीच्या भागात ४० अंशांच्या फरकाला दोघांमध्ये सुमारे एक मिलिमीटरची तफावत पडते. ही जागा ठेवली नाही तर भाग स्वतःच फुगून किंवा फाटून ती करून घेतो.

बॉनेटला वरून पिना लावतात, त्या शोभेच्या नव्हेत. वेगात बॉनेटवरची हवा त्याला वर उचलू पाहते. मूळ कडी पातळ फायबरमध्ये नुसती चिकटवलेली असेल तर एक दिवस ती निघते, आणि बॉनेट काचेवर आदळतं. बंपरच्या मागची मूळ पोलादी पट्टी मात्र काढू नये. धडक ती सोसते, फायबर नाही.

तारांचा प्रश्न सहसा शेवटी आठवतो. पत्र्याच्या गाडीत दिव्याची परतीची वाट गाडीच्या अंगातूनच जाते. फायबर वीज वाहून नेत नाही. नवा फेंडर बसवला आणि दिवा मंद झाला किंवा इंडिकेटर भलतंच काही करू लागला, तर पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा आणि चौकटीपर्यंत वेगळी तार ओढावी. १९५३च्या कॉर्व्हेटनाही या अर्थिंगनं सतावलं होतं. शिवाय पत्रा इंजिनाच्या ठिणग्यांचा रेडिओतला खरखराट अडवतो, फायबर तो अडवत नाही, म्हणून कॉर्व्हेटच्या इग्निशनला धातूची झाकणं घालावी लागली. पण त्याच गुणाचा उपयोगही कॉर्व्हेटच्या अभियंत्यांनी करून घेतला. रेडिओची अँटेना तारेच्या जाळीच्या रूपात डिकीच्या झाकणातच पुरली, आणि ती बाहेरून दिसलीही नाही. आजच्या गाड्यांत रडार बंपरच्या मागे बसतं. तिथे जाडीला आणि पुट्टीच्या थराला फार महत्त्व आहे. नेमून दिलेल्या जाडीबाहेरच्या भागातून रडारचा अंदाज चुकू शकतो.

काही कामांत मूळ अंग कापावं लागतं. जपानच्या चिबा प्रांतातले अकिरा नाकाई त्यांच्या राउ-वेल्ट बेग्रिफ या नावाखाली पोर्शे ९११ची मूळ फेंडरं कापतात, त्यांवर रुंद फायबरची फेंडरं स्क्रूनं बसवतात आणि जोडाची रेषा सीलंटनं बुजवतात. त्यासाठी ते देशोदेशी स्वतः जातात. कापलेल्या पत्र्याची कड उघडी राहिली तर फायबरच्या आत, कुणाला न दिसता, गंज चढतो, म्हणून कापल्याबरोबर तिला प्रायमर लागला पाहिजे. आपल्याकडे करवत हातात घेण्याआधी कायदाही पाहावा. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा कडक अर्थ लावला. चाकं बाहेर आणणारी रुंद फेंडरं बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारावं.

जुळवणी झाली की फिनिशिंगचं पहिलं काम धुण्याचं. भागावर साच्याचं मेण आणि पीव्हीए असतं. आधी कोमट पाणी आणि साबण, मग मेण काढणारं सॉल्व्हंट, आणि त्यानंतरच पेपर. उलटं केलं तर पेपर ते मेण ओरखड्यांत दाबून बसवतो, आणि पुढे रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. ते कितीही थर मारले तरी बुजत नाहीत.

दुसरं काम थांबण्याचं, आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. भाग गाडीवर बोल्ट लावून, आकारात धरून, काही दिवस उन्हात राहू द्यावा. आपल्या एप्रिलच्या उन्हात गडद पृष्ठं सहज ६० अंशांपर्यंत तापतात, म्हणजे भट्टीचं निम्मं काम फुकटात होतं. या तापानं राहिलेले टाके पडतात, आक्रसायचं तेवढं आक्रसून होतं, आत दडलेले बुडबुडे फुगून वर येतात. हे रंगाच्या आधी व्हायला हवं. नाहीतर ते रंगाखाली होतं. तंतूंमधलं रेझिन आक्रसतं, आणि दोन महिन्यांनी चकचकीत काळ्या बॉनेटवर मॅटची नक्षी उमटते. गडद रंगावर ती जास्त दिसते आणि गडद रंग जास्त तापतो, म्हणून फायबरला मी फिकट रंग सुचवीन.

सुईच्या टोकाएवढी भोकं प्रायमरनं भरत नाहीत. प्रायमर त्यांच्यावर पूल बांधतो, आणि रंग भट्टीत तापला की आतली हवा तो पूल फोडते. प्रत्येक भोक टोकदार पात्यानं उघडून त्यात बारीक पुट्टी दाबावी लागते. आधी पेंटर लांबी मारून ८०, १२०, १८० नंबरचे पेपर ठोकळ्यावर लावून चालवतो. नुसत्या हातानं घासलं तर बोटांच्या रेषा पडतात. काळ्या पावडरीचा हलका हात वर फिरवला की ठोकळा उंचवट्यावरची पावडर नेतो आणि खळग्यात ती राहते. दुखरी जागा तीच दाखवून देते. प्रायमर लागेपर्यंत घासताना पाणी लावू नये. उघडे तंतू आणि पुट्टी पाणी पितात, आणि तेच पाणी पुढे फोड होऊन वर येतं. इपॉक्सी प्रायमरनं अंग बंद झालं, त्यावर जाड सरफेसर बसला, की मग वॉटर पेपर ४०० आणि ६००. मग बेस, मग क्लिअर. भट्टी ६० अंशांच्या वर नेऊ नये आणि भाग आधाराशिवाय टांगू नये, कारण साधं पॉलिएस्टर त्याच सुमारास मऊ पडायला लागतं.

या सगळ्यात श्वास सांभाळणं महत्त्वाचं. काचेच्या भुकटीनं कातडीला खाज सुटते. अशा वेळी चोळू नये, थंड पाण्यानं धुवावं. स्टायरीनच्या वाफांना कापडी रुमाल पुरत नाही, आणि दोन घटकांच्या क्लिअरमधल्या आयसोसायनेटला तर बाहेरची हवा पुरवणारा मास्कच लागतो.

पुढे कधी ठोकर लागली तर पत्र्याला डेंट येतो, फायबर चिरतं. वरवर पुट्टी भरून चीर झाकली तर ती त्याच जागी परत येते, कारण तंतू तुटलेलेच असतात. चिरेच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या बारा पटींचा उतार घासायचा, म्हणजे तीन मिलिमीटरच्या भागाला ३६ मिलिमीटर. मागून आधार द्यायचा आणि मॅटचे तुकडे एकावर एक बसवायचे. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरला घट्ट धरते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट चिकटत नाही, तेव्हा क्रम आधीच ठरवावा. सत्तर वर्षांपूर्वीच्या कॉर्व्हेटची अंगं आजही याच उतारानं सांधली जातात. तिथे गंजामुळे बदलावी लागते ती खालची पोलादी चौकट.